‘बाय’च्या आधी काय बोलायचं? इंग्रजीत सहज निरोप घेण्याची रीत

इंग्रजी संभाषणाच्या पुस्तकात निरोपाचं पान बहुधा शेवटी असतं आणि त्यावर एक यादी असते: गुडबाय, बाय, सी यू, टेक केअर, गुड नाइट. यादी पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. बोलणं चालू असताना ‘ओके, बाय’ म्हणून आपण मोकळे होतो आणि पलीकडच्या अमेरिकन सहकाऱ्याला वाटतं, याला राग आला की काय! किंवा याच्या उलट. कॉल संपवायचा असतो, पण कसा ते सुचत नाही, म्हणून ‘या, या... ओके... या’ हे दळण दहा मिनिटं चालू राहतं.

इंग्रजीतला निरोप ‘बाय’च्या बराच आधी सुरू होतो. एमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी फोनवरच्या खऱ्याखुऱ्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं तपासून १९७३ साली यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की संभाषण आपोआप संपत नाही. ते दोघांनी मिळून संपवावं लागतं. एक जण ‘वेल’, ‘ओके’ असं काहीतरी म्हणून ‘माझं झालं’ असं सुचवतो. दुसऱ्याचंही झालं असेल तर तोही तसाच एक शब्द टाकतो. झालं नसेल तर राहिलेला विषय काढतो. दोघांचं झाल्यावर मग ‘बाय’ची देवाणघेवाण.

मराठीत हे आपण न शिकता करतोच. ‘बरं मग...’, ‘चला, निघू का?’, ‘बसा हो, चहा तरी घ्या’, ‘नको, उशीर होतोय’, ‘येत जा हं’, आणि मग दारात चपला घालता घालता आणखी एक विषय. पायऱ्या साधारण त्याच असतात, इंग्रजीतली वाक्यं तेवढी तोंडात बसलेली नसतात. ती खाली क्रमाने दिली आहेत.

पहिली पायरी: निघण्याची चाहूल द्या

यासाठी एकच शब्द पुरतो. ‘ॲनीवे...’, ‘ऑल राइट...’, ‘वेल...’, ‘सो...’, ‘ओके देन...’. इंग्लंडमध्ये असाल तर ‘राइट...’. खुर्चीत बसलेला इंग्रज दोन्ही मांड्यांवर हात आपटून ‘राइट!’ म्हणाला, की पाहुण्यांनी किंवा यजमानांनी समजून घ्यायचं, बैठक संपली.

शब्दापेक्षा आवाज महत्त्वाचा. ‘सो’ म्हणताना आवाज चढवला तर ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत बसतो. तोच ‘सोऽ’ ओढून खाली आणला, की निघायची वेळ झाली हे त्याला कळतं. घरी एकदा दोन्ही प्रकारे मोठ्याने म्हणून पाहा, फरक लगेच ऐकू येईल.

हा शब्द टाकल्यावर क्षणभर थांबा. हे थांबणं आपल्याकडून राहून जातं, आणि घाईचा आरोप येतो तो त्यामुळेच. त्या क्षणात समोरचा ‘या, ऑल राइट’ म्हणाला तर रस्ता मोकळा झाला. तो ‘ओह, बिफोर यू गो...’ म्हणाला तर त्याचं काही राहिलंय. ते ऐकून घ्या, उत्तर द्या आणि पुन्हा एकदा ‘ऑल राइट...’पासून सुरू करा. दुसऱ्यांदा सुरू करण्यात काही वावगं नाही, सगळे तेच करतात.

दुसरी पायरी: कारण सांगा, पण एका ओळीत

‘आय शुड गेट गोइंग’, ‘आय बेटर हेड आउट’, ‘आयव्ह गॉट टु रन’. तिन्हींचा अर्थ ‘निघायला हवं’. तिसऱ्यातलं ‘रन’ म्हणजे धावणं नव्हे, नुसती घाई. बोलताना ते ‘गॉटा रन’ असं ऐकू येतं. ब्रिटनमध्ये ‘आय बेटर बी ऑफ’ जास्त कानावर पडेल. ‘शुड’, ‘बेटर’, ‘गॉट टु’ या शब्दांनी निघण्याचा दोष कामावर, वेळेवर, घड्याळावर जातो. ‘आय वॉन्ट टु गो नाऊ’ म्हटलं, की तो समोरच्या माणसावर जातो: तुझा कंटाळा आला, मला जायचंय.

मराठीतून उचललेली दोन वाक्यं इथे हमखास घोटाळा करतात. ‘येतो’ मनात ठेवून कुणी ‘ओके, आय ॲम कमिंग’ म्हणालं, तर ऐकणारा दाराकडे बघत राहतो. त्याच्या मते तुम्ही आत येताय. आणि ‘फोन ठेवते’चं ‘आय ॲम कीपिंग द फोन’ केलं, तर अर्थ होतो ‘फोन मी माझ्याकडेच ठेवून घेतेय’. फोनवर ‘आय शुड गो’ एवढं साधं वाक्य पुरेसं आहे. ‘मे आय लीव्ह?’ शाळेतल्या बाईंसाठी ठीक. मोठ्या माणसांच्या गप्पांत ते परवानगी मागितल्यासारखं वाटतं.

कारणाची लांबीही बघा. ‘अजून भाजी घ्यायचीय, मग धाकट्याला क्लासवरून आणायचंय, आणि आज सासूबाई यायच्यात’ एवढं सांगितल्याशिवाय आपल्याला निघाल्यासारखं वाटत नाही. इंग्रजीत ‘आयव्ह गॉट टु पिक अप माय सन’ एवढ्यावर भागतं. पुष्कळदा तेही लागत नाही.

आता दुसरा प्रकार, फोनवर फार चालणारा: ‘आयल लेट यू गो’ किंवा ‘आय वोन्ट कीप यू’. शब्दशः अर्थ ‘तुम्हाला जाऊ देते’, ‘तुम्हाला अडवत नाही’. प्रत्यक्षात बोलणाऱ्यालाच फोन संपवायचा असतो, पण तो तुमच्या वेळेची कदर करून संपवतोय, असा मान राखला जातो. यावर आपला भिडस्त स्वभाव उसळी मारतो आणि आपण म्हणतो, ‘नो, नो, आय ॲम फ्री!’ बिचारा अडकतो. अशा वेळी ‘ओके, ग्रेट टॉकिंग टु यू’ म्हणून सुटका करावी, त्याचीही आणि आपलीही.

ऑफिसच्या व्हिडिओ कॉलवर कारण ठरलेलं असतं: ‘आय हॅव टु जंप टु अनदर कॉल’. वेळ आधीच आखून द्यायची असेल तर सुरुवातीलाच ‘आय हॅव अ हार्ड स्टॉप ॲट फोर’ म्हणा, म्हणजे चारला उठावंच लागेल. चार वाजता मग कुणाला काही समजावत बसावं लागत नाही.

तिसरी पायरी: एक गोड वाक्य, जमलं तर पुढची भेट

पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाला निघताना ‘नाइस मीटिंग यू’ म्हणतात. भेटल्याक्षणी म्हणायचं ते ‘नाइस टु मीट यू’. हा फरक आपल्याकडे कुणी सांगत नाही, पण ऐकणाऱ्याच्या कानाला तो लागतो. ओळखीच्या माणसाला दोन्ही चालत नाहीत. तिथे ‘गुड सीइंग यू’ किंवा ‘ग्रेट कॅचिंग अप विथ यू’. दहा वर्षांच्या मैत्रिणीला ‘नाइस मीटिंग यू’ म्हटलं तर ती विचारेल, आपण आजच भेटलो का?

जेवायला गेला असाल तर निघताना ‘थँक्स फॉर हॅविंग अस’ म्हणायचंच. जेवणाचं कौतुक टेबलावर झालं असलं तरी दारात पुन्हा एकदा ‘डिनर वॉज लव्हली’ म्हणून टाका. यजमान घरच्यांना नमस्कार कळवायला सांगतील: ‘से हाय टु युअर मॉम फॉर मी’. याचं उत्तर दोन शब्दांत: ‘विल डू’. ‘शुअर, आय विल डेफिनिटली टेल हर’ची गरज नाही.

आता ज्याने पुष्कळांना परदेशात बुचकळ्यात टाकलंय ते वाक्य: ‘वी शुड गेट कॉफी समटाइम’. हे आमंत्रण समजून घरी जाऊन फोनची वाट बघू नका. ‘या एकदा घरी’ असं आपण रस्त्यात भेटलेल्याला म्हणतो, त्याच जातीचं हे वाक्य. खरं आमंत्रण ओळखायची खूण म्हणजे वार आणि वेळ. ‘आर यू फ्री थर्सडे?’ आलं, की समजा कॉफी होणार. तुम्हाला खरंच भेटायचं असेल तर ‘आयड लव्ह दॅट. हाऊज थर्सडे?’ म्हणून वार तुम्हीच पुढे करा. त्यांच्या मनात असेल तर ते धरून ठेवतील. नसेल तर ‘लेट मी चेक अँड टेक्स्ट यू’ येईल, आणि तेही कुणी मनाला लावून घेत नाही.

‘डोन्ट बी अ स्ट्रेंजर’ मात्र मायेचं असतं. आपल्या ‘येत जा हं’ची ऊब त्यात आहे.

चौथी पायरी: शेवटचा शब्द निवडा

‘सी यू’चं मोठं कुटुंब आहे आणि त्यात फरक करायला हवा. ‘सी यू टुमॉरो’, ‘सी यू मंडे’ सरळ आहेत. ‘सी यू देन’ फक्त भेट ठरली असेल तेव्हाच. ‘सी यू सून’मध्ये लवकर भेटण्याची खरी अपेक्षा असते. ‘सी यू लेटर’मध्ये मात्र तशी अपेक्षा असतेच असं नाही, पुन्हा कधीही न भेटणारा दुकानदारसुद्धा ते म्हणतो. त्यावर ‘व्हेन?’ विचारू नका, ‘सी या’ म्हणा आणि चालू लागा. ‘सी यू अराउंड’ म्हणजे ‘दिसू कुठेतरी’. शेजाऱ्याला, कॉलेजात वरचेवर दिसणाऱ्याला ते अगदी योग्य. पहिल्या डेटनंतर कुणी म्हणालं तर दुसरी होणार नाही असं धरून चला. बोलताना ‘यू’ बारीक होऊन ‘सी या’ उरतो. ‘सी यूऽ’ असं ताणून म्हणू नये. कानाला खोटं लागतं.

‘टेक केअर’ आपल्याकडे रोज, सगळ्यांना म्हटलं जातं. इंग्रजी मातृभाषा असलेले लोक ते बहुधा काही दिवसांचं अंतर पडणार असेल तेव्हा, किंवा समोरचा आजारातून, अडचणीतून जात असेल तेव्हा वापरतात. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला रोज संध्याकाळी म्हटलं तर चूक नाही, जरा जड होतं. तिथे ‘सी यू टुमॉरो’ बरं.

‘हॅव अ गुड वन’ हा अमेरिकेतला सगळ्या कुलुपांना लागणारा शब्दप्रयोग. ‘वन’ म्हणजे दिवस, संध्याकाळ, शनिवार-रविवार, जे असेल ते. पुण्यात बसून शिकागोशी बोलणाऱ्यांना तो वरदान आहे. आपल्याकडे रात्र, त्यांच्याकडे सकाळ, म्हणायचं काय? नियम असा, की शुभेच्छा ऐकणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे द्यायची. तुम्ही ‘हॅव अ गुड डे’ म्हणा, ते तुम्हाला ‘हॅव अ गुड नाइट’ म्हणतील. घड्याळाचा हिशोब नको असेल तर ‘हॅव अ गुड वन’ म्हणून मोकळं व्हा.

‘चिअर्स’ ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये आभार आणि निरोप दोन्हींसाठी चालतो. अमेरिकेत तो मुख्यतः ग्लास उचलताना. ‘लेटर!’, ‘कॅच यू लेटर’, ‘पीस’ हे मित्रांत, तेही तरुण मित्रांत. बॉसला ‘पीस’ म्हणायच्या फंदात पडू नका.

राहिला ‘बाय’. तुटक आणि खाली आपटलेला ‘बाय.’ रागाचा वाटतो. थोडा ओढलेला, शेवटी किंचित उचललेला ‘बाऽय’ प्रेमळ वाटतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये फोन ठेवताना लोक ‘बाय, बाय बाय, बाय’ अशी माळच लावतात. कुणाचं काही बिघडलेलं नसतं, तुम्हीही दोन-तीन वेळा म्हणून लाल बटण दाबा.

आता जे टाळायचे ते. नुसता ‘गुडबाय’ गप्पांत फार गंभीर वाटतो, कायमचं चाललोय किंवा भांडून चाललोय असा. ‘फेअरवेल’ समारंभापुरता राहू द्या. ‘गुड डे’ अमेरिकेत फटकारल्यासारखा लागतो, आणि ऑस्ट्रेलियात तर तो भेटल्यावरचा नमस्कार आहे. ‘गुड नाइट’ फक्त निघताना किंवा झोपताना. रात्री नऊला कुणाच्या घरात शिरताना ‘गुड इव्हनिंग’च. आणि आपला लाडका ‘टाटा’? तो मूळचा ब्रिटिश लाडिक शब्द. लहान मुलाला हात हलवायला शिकवताना आपण तो इतका वापरतो, की मोठ्यांनाही सहज म्हटला जातो. अमेरिकन माणसाला तो विनोदी वाटतो आणि तिथल्या बोलीत त्याचा एक चावट अर्थही आहे. तिथे जपून.

पाचवी पायरी: उत्तर तयार ठेवा

‘हॅव अ नाइस वीकेंड’ला ‘यू टू’. जोर ‘टू’वर. ‘सेम टु यू’ चुकीचं नाही, पण शिवीला उत्तर देतानाही तेच म्हणतात, तेव्हा ‘यू टू’ सुरक्षित. फक्त ते तोंडात इतकं बसतं, की विमानतळावरच्या कर्मचाऱ्याने ‘हॅव अ गुड फ्लाइट’ म्हटलं तरी आपण ‘यू टू’ म्हणून बसतो. इंग्रज, अमेरिकन सगळेच यात फसतात, हसून पुढे जायचं. ‘टेक केअर’ला ‘यू टू’ चालतं. ‘ड्राइव्ह सेफ’, ‘टेक्स्ट मी व्हेन यू गेट होम’ यांना ‘विल डू’. पोचल्यावर फोन कर म्हणणारी माणसं तिकडेही असतात.

सगळं एकत्र कसं दिसतं

पुण्यात रात्रीचे साडेआठ, शिकागोत सकाळ, कामाचा कॉल संपत आलाय.

तुम्ही: ऑल राइट... आय थिंक दॅट्स एव्हरीथिंग ऑन माय एंड.
तो: येप, सेम हिअर. ओह, डिड द फाइल कम थ्रू?
तुम्ही: इट डिड, थँक्स.
तो: परफेक्ट.
तुम्ही: ओके, आयल लेट यू गेट बॅक टु युअर मॉर्निंग.
तो: साउंड्स गुड. टॉक थर्सडे?
तुम्ही: येस, टॉक टु यू थर्सडे. हॅव अ गुड वन.
तो: यू टू. बाय.
तुम्ही: बाय.

फाइलचा प्रश्न बघा. चाहूल दिल्यावर मिळालेल्या फटीतून तो आला. पहिल्याच वाक्याला ‘बाय’ जोडला असता तर तो राहून गेला असता आणि रात्री अकराला मेल आला असता.

ठिकाण बदललं की

दुकानात, टॅक्सीत, लिफ्टमध्ये पायऱ्या गळतात. ‘थँक्स, हॅव अ गुड वन’ बास. ब्रिटनच्या बऱ्याच शहरांत बसमधून उतरताना ड्रायव्हरला आवाज देतात. ब्रिस्टलला त्याचं खास रूप आहे, ‘चिअर्स ड्राइव्ह’. बर्मिंगहॅमला ‘टा-रा अ बिट’ ऐकाल, आयर्लंडमध्ये ‘सेफ होम’ आणि ‘माइंड युअरसेल्फ’. हे ओळखता आले म्हणजे झालं. पंधरा दिवसांपूर्वी उतरलेल्या माणसाने ‘टा-रा’ म्हटलं तर लोक प्रेमाने हसतील, पण हसतील. ‘चीरिओ’, ‘सो लाँग’ जुन्या सिनेमांतले, गंमत म्हणूनच.

अमेरिकेच्या मिनेसोटात आणि आसपासच्या राज्यांत लांबलेला निरोप प्रसिद्ध आहे. सोफ्यावरून उठताना एकदा, दारात एकदा, गाडीच्या खिडकीशी एकदा, आणि हातात उरलेल्या जेवणाचा डबा. तिथे आपल्या माणसाला काहीच शिकावं लागत नाही.

चॅटवर उलट आहे. तिथे ‘बाय’ नसला तरी चालतं. बोलणं आपोआप थांबतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होतं. मध्येच उठावं लागलं तर ‘गॉटा रन, टॉक सून’. मित्राच्या मेलखाली ‘चिअर्स’ किंवा ‘टेक केअर’ लिहा. ‘युअर्स फेथफुली’ बँकेसाठी ठेवा.

आणि मोठी पार्टी. पन्नास माणसं, प्रत्येकाला गाठून निरोप घेत बसलात तर तासभर जाईल. तिथे न सांगता सटकणं चालतं. अमेरिकन लोक याला ‘आयरिश गुडबाय’ म्हणतात, ब्रिटिश ‘फ्रेंच लीव्ह’ म्हणतात, आणि फ्रेंच लोक म्हणतात, हे इंग्रजांसारखं निघून जाणं! आठ-दहा जणांच्या जेवणातून मात्र असं जाऊ नये. सटकलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांना एक मेसेज करायचा: ‘सॉरी आय स्लिप्ड आउट लास्ट नाइट, डिडन्ट वॉन्ट टु इंटरप्ट. हॅड अ ग्रेट टाइम!’